थोरल्याचा पलंग, धाकट्याची कॉट : आमची वाटचाल

आम्ही तान्ह्या बाळांच्या लाकडी कॉट बनवतो. फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. "तुमची कॉट किती-इन-वन आहे हो?" म्हणजे त्या एकाच कॉटचे पुढे पलंग वगैरे किती प्रकार करता येतात? थ्री, फोर, फाइव्ह. एकाने तर सेव्हन-इन-वन विचारलं होतं, त्यातले सात प्रकार कोणते ते त्यालाही सांगता आलं नाही. मी उलट विचारते, "घरात आता माणसं किती, आणि अजून किती यायची आहेत?" काहींना हा आगाऊपणा वाटतो. एका गृहस्थांनी फोनच ठेवला. पण हा प्रश्न मी हौसेने विचारत नाही, तो आम्ही खड्ड्यात पडून शिकलो आहोत.

बाबांनी पुण्यात धायरीला पत्र्याची शेड घातली १९८६ साली, सुतारकामाची. दारं, खिडक्या, देव्हारे, जिन्याचे कठडे अशी कामं. लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून यायचं, आणि पेठेत एखादा वाडा पाडायला काढला की तिथून. वाड्याचं सागवान म्हणजे बाबांचा जीव की प्राण. पन्नास-शंभर वर्षं मुरलेलं लाकूड सहसा पीळ घेत नाही. फक्त आत कुठे खिळा मोडून बसलाय ते कळत नाही. रंध्याच्या मशीनचं पातं त्यावर गेलं की ठिणगी उडायची आणि मागोमाग बाबांची शिवी.

अशाच एका तुळईतून त्यांनी माझ्या बारशाचा पाळणा केला. खरादावर काढलेले गज, पितळी कड्या, चार कोपऱ्यांवर चार कळस. शेजारच्यांनी बघितला, त्यांनी नेला, मग त्यांच्या पाहुण्यांनी. पाळण्याच्या धंद्यात एक अडचण असते. आपल्याकडे बाळ जन्माला यायच्या आधी पाळणा घरात आणत नाहीत, रिकामा पाळणा हलवत नाहीत. त्यामुळे ऑर्डर येणार ती दवाखान्याच्या दारातून, आणि हातात दिवस बारा. त्यातले चार पॉलिश वाळण्यात जाणार. बाबांनी तोड काढली: बारशाला आमचाच पाळणा न्या, "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" होऊ दे, मग परत आणून द्या. भाडं नाही. त्या पाळण्याने आम्हाला जितकी गिऱ्हाइकं दिली तितकी आमच्या बोर्डाने दिली नसतील.

मी बीकॉम करून २०१०मध्ये शेडमध्ये आले, हिशेब बघायला. दोन वर्षांनी वाकडचं एक जोडपं आलं, अमेरिकेत तीन वर्षं राहून परतलेलं. बाळंतपण आणि बारसं माहेरी साताऱ्याला होणार होतं, तिथे पाळणा होताच. पण तीन महिन्यांनी बाळ फ्लॅटवर येणार, तिथे छताला कडी नाही, दिवसा सांभाळायला आजी नाही. त्यांना हवी होती कॉट. उंच, चारही बाजूंनी गज, आणि एक बाजू खाली सरकणारी, म्हणजे बाळाला उचलताना आईला वाकायला नको. त्यांनी एका जुन्या कॅटलॉगचा फोटो दाखवला. बाबांनी चष्मा वर केला, फोटो बघितला आणि म्हणाले, "करू की. पाळण्याला पाय लावायचे."

ती कॉट देखणी झाली होती. तिचे फोटो बघून पुढच्या वर्षभरात अजून पाच गेल्या. २०१३च्या पावसाळ्यात त्यातल्या एकीची सरकती बाजू फुगून एका कोपऱ्यात अडकायला लागली. आई रोज हिसका देऊन ती खाली करायची. हिसक्या-हिसक्यात खालच्या खिट्टीचा स्क्रू लाकडातून सैल होत गेला. एका रात्री बाजू एका अंगाने निखळली, गादी आणि चौकट यांच्यामध्ये फट पडली आणि बाळाचा पाय मांडीपर्यंत आत गेला. आई जागी होती. पायावर वळ उठला, तेवढ्यावर निभावलं. दुसऱ्या दिवशी नवरा-बायको शेडवर आले. आवाज चढवला नाही. त्यांनी तो स्क्रू माझ्या टेबलावर ठेवला फक्त. दीड इंची, साधा लाकडी स्क्रू, आट्यांत भुसा अडकलेला.

त्या आठवड्यात मी रात्री बसून वाचलं ते आधी वाचायला हवं होतं. अमेरिकेत अशी बाजू सरकणारी कॉट बनवायला आणि विकायला २८ जून २०११पासून बंदी आहे. त्याआधीच्या दहाएक वर्षांत अशा कॉटमध्ये तीसवर बाळं अडकून, गुदमरून दगावली होती. म्हणजे तिकडे जी वस्तू कायद्याने बंद झाली ती आम्ही वर्षभराने इकडे हौसेने सुरू केली. सगळ्या सहा गिऱ्हाइकांना फोन केले. पाचांच्या सरकत्या बाजू स्वखर्चाने काढून पक्क्या बसवून दिल्या. सहावे बंगळुरूला गेले होते, त्यांना आमच्या शेडमधल्या मिस्त्रींनी फोनवर सांगून तिथल्या सुताराकडून करून घेतली, पैसे आम्ही पाठवले.

बाजूच्या निमित्ताने बाकीचंही निघालं. गजांमधलं अंतर सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. जास्त असलं तर बाळ पायाकडून घसरतं, धड बाहेर जातं आणि डोकं आत अडकतं. आमच्या कॉटची आतली लांबी ५२ इंच, म्हणजे १३२ सेंटीमीटर, आणि तीन सेंटीमीटर रुंदीचे बारा गज. मी कागदावर मांडलं: बारा गजांचे ३६ गेले, उरले ९६, त्याच्या तेरा फटी. जवळजवळ साडेसात सेंटीमीटर! गज पंधरा केले तेव्हा अंतर साडेपाचच्या आत आलं. मिस्त्रींनी शिसमचा एक ठोकळा बरोबर सहा सेंटीमीटरचा तासला, त्याला सुतळी बांधली आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगला. तेव्हापासून पॉलिशला जाण्याआधी प्रत्येक फटीत तो ठोकळा लावून बघायचा. आत गेला की कॉट परत बाकावर. ठोकळ्याच्या कडा आता गुळगुळीत झाल्यात, म्हणून दरवर्षी नवा करतो.

कळस गेले. यावर घरात भांडण झालं, कारण कळस ही बाबांची सही. पण आपल्या बाळांच्या गळ्यात काळा दोरा असतो, ताईत असतो. उभं राहणारं मूल कोपऱ्यावरच्या त्या बोंडात अडकलं तर? बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी आले तेव्हा चारही कळस कापून पॉलिश पेपर मारून ठेवलेले होते. कुणी कापले ते आम्ही कुणी विचारलं नाही.

आणि त्यांचं लाडकं वाड्याचं लाकूडही कॉटसाठी बंद केलं. लाकडात खोट नव्हती, त्यावरचा रंग नको होता. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं, आणि दात येताना मूल वरचा दांडा कुरतडतंच. आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या एकाही कॉटचा वरचा दांडा शाबूत नव्हता. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली, त्याआधीच्या डब्यांचा भरवसा धरू नये. आता बल्लारशाचा नवा साग घेतो, किंवा बजेट कमी असेल तर प्रक्रिया केलेलं रबरवुड. प्रक्रिया नसलेलं रबरवुड स्वस्त मिळतं, पण त्याला भुंगा लागतो. दांड्याला पाण्यावर चालणारं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश, बाकी काही नाही.

आता त्या इन-वनकडे येते. २०१५पासून लोक 'वाढणारी' कॉट मागायला लागले. आधी कॉट, मग पुढची बाजू काढून छोट्याचा पलंग, मग दोन्ही लांब बाजू डोक्याशी आणि पायाशी लावून मोठा पलंग. आम्ही अमेरिकन मापं उचलली आणि पुन्हा आपटलो. तिकडच्या मोठ्या पलंगाची गादी ५४ इंच रुंद. इकडे गादीवाल्याकडे तयार मिळतात त्या ३६, ४८, ६०, ७२. एका गिऱ्हाइकाने ५४ची गादी खास बनवून घेतली आणि मग तिला बसेल अशी चादर शोधत लक्ष्मी रोड पालथा घातला. शेवटी त्यांनी डबलबेडची चादर घडी घालून खोचली आणि मला फोटो पाठवला. खाली काहीही लिहिलं नव्हतं.

मग आम्ही आपलं चार बाय सहा धरलं. कॉटची लांब बाजू खुंटांसकट ५६ इंच भरते, चार फुटी पलंगाला डोक्याशी ती छान दिसते. आपल्या घरात ते माप चालतंही, कारण मूल वेगळं झोपायला लागलं तरी आजी किंवा आई त्याच्या शेजारी आडवी होतेच. लाकडी स्क्रू बाद. जे काही गिऱ्हाइकाने खोलायचं-लावायचं, तिथे लाकडात धातूची आट्यांची नळी आणि तिच्यात बोल्ट. पुण्यात अर्धी गिऱ्हाइकं भाड्याच्या घरात, करार अकरा महिन्यांचा. कॉट तीन वर्षांत तीनदा खोलली जाते, आणि लाकडात पिळलेला स्क्रू तिसऱ्यांदा धरत नाही. जास्तीचे बोल्ट आणि अ‍ॅलन की कापडी पिशवीत घालून पिशवी खालच्या फळीला खिळ्याने ठोकूनच देतो. हातात दिली तर हरवते.

हे सगळं बसलं, विक्री वाढली, आणि २०१८मध्ये एका मुलीचा फोन आला. "ताई, गेल्या महिन्यात तुमच्या माणसांनी येऊन कॉटचा पलंग करून दिला. मोठा खूश आहे. आता मला दुसरं होतंय. कॉट कुठून आणू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॉट तिच्याच घरात होती, तिच्यावर थोरला झोपला होता. तो अडीच वर्षांचा, धाकटं पाच महिन्यांत येणार. त्याचा पलंग मोडून पुन्हा कॉट करायची तर थोरल्याच्या मनात काय येईल, तेही घरात बाळ येत असताना? आम्ही 'वाढत्या कुटुंबासाठी' म्हणून पत्रकं छापली होती आणि वस्तू केली होती एका मुलाच्या घरासाठी. इतकी साधी गोष्ट. वाढणारं मूल आणि वाढणारं कुटुंब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, मला धरून.

तिला आम्ही पलंगासाठी वेगळी डोक्याची आणि पायाची फळी करून दिली आणि तिच्या लांब बाजू मोकळ्या केल्या. कॉट पुन्हा उभी राहिली. बाबा हसले. "मग हे दोन नग झाले की. इन-वन कुठे राहिलं?" बरोबरच होतं त्यांचं.

तेव्हापासून आम्ही कॉटबरोबर पलंगाचं किट, म्हणजे कॉटचा पलंग करायला लागणारे जास्तीचे भाग, विकत नाही. कॉट घ्या, पुढची बाजू काढायची-लावायची सोय त्यात आहेच. किट दोन वर्षांनी घ्या, तेव्हा घरात काय ठरलंय ते तुम्हाला माहीत असेल. दुसऱ्या मुलाचा विचार असेल आणि अंतर तीन वर्षांच्या आत असेल, तर किटच्या भानगडीत पडू नका. थोरल्याला साधा चार बाय सहा घ्या, आमच्याकडूनच घ्या असंही नाही. कॉट धाकट्याला राहू दे. एकच मूल, किंवा अंतर जास्त, तर किटचे पैसे वसूल होतात. तरी आखूड बाजू तुमच्या माळ्यावर दहा वर्षं पडून राहणार हे धरून चाला, आणि माळाच नसेल तर तेही आधी सांगा. याने आमचं नुकसान होतं का? होतं. किट म्हणजे कॉटच्या निम्मी किंमत.

मधल्या काळात जीएसटी आला, लॉकडाऊन आला, आमचे राजस्थानी कारागीर गावी गेले आणि चार महिने मी, मिस्त्री आणि बाबांनी घरून काम करणाऱ्यांची टेबलं ठोकून दिवस काढले. त्यावर वेगळं काय लिहायचं, सगळ्यांचंच झालं.

दोन गोष्टींवरून गिऱ्हाइकांशी अजून वाजतं. एक म्हणजे गजांना आतून बांधायचे मऊ लोड. दिसतात गोंडस, पण तोंड त्यात दाबलं गेलं तर तान्ह्याला मान वळवता येत नाही. अमेरिकेने २०२२मध्ये तेही कायद्याने बंद केले. आम्ही शिवून देत नाही. दुसरी राईची उशी. डोकं गोल व्हावं म्हणून आज्या हट्ट धरतात. एका आजींनी मला सुनावलं, "तुझं डोकं बघ, तुझ्या आईने उशी घातली नव्हती वाटतं." मी म्हटलं, आजी, घातली होती! पण कॉटमध्ये बाळ उताणं, गादी घट्ट, उशी नाही, पांघरुणाचा ढीग नाही. गादी आणि चौकट यांच्यात दोन बोटांपेक्षा जास्त फट नको. कापसाची गादी दोन महिन्यांत मध्ये दबते आणि कडेला फट सोडते, म्हणून काथ्याची चार इंची सांगतो.

बाळ बसायला लागलं की फळी खालच्या खाचेत घ्यायची. तिथून वरच्या दांड्यापर्यंत २६ इंच मिळतात. आणि मूल ३५ इंचांचं झालं की कॉट संपली, मग ते दांड्यावरून पलीकडे जाऊ शकतं. साधारण सव्वादोन-अडीच वर्षांत तेवढी उंची होते. कॉट पोचवायला जाणारा आमचा मुलगा दाराच्या चौकटीवर ३५ इंचांवर पेन्सिलने रेघ मारून येतो. एका घरमालकाने त्यावरून डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले. आता आधी विचारून मारतो.

बाबा आता शेडवर रोज येत नाहीत. आले की आधी ठोकळा खिळ्यावर आहे का बघतात, मग पाळणा जागेवर आहे का. पाळण्याचे गज अजून जुनेच, एकमेकांपासून लांब-लांब. म्हणून तो देताना मी बजावते: बारशापुरता, चार माणसांच्या देखत, रात्री त्यात झोपवायचं नाही. सध्या तो सिंहगड रोडला गेलाय. रविवारी बारसं आहे, सोमवारी टेम्पो पाठवायचा, कारण मंगळवारी तो हडपसरला हवाय.