तुम्ही विचारलंत म्हणून: केजमध्ये पाय कुठे ठेवायचे?

"सर, फूटवर्क फास्ट कसं करायचं?" एमएमए (केज म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात ठोसे, लाथा आणि कुस्ती यांची मिश्र लढत) शिकायला आलेला जवळजवळ प्रत्येक मुलगा पहिल्या काही दिवसांत हे विचारतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. वेगाचं नंतर बघू, आधी तू उभा कुठे आहेस ते सांग. पाठीमागची जाळी किती लांब आहे? समोरच्याचा भारी हात कुठल्या बाजूला आहे? ठोसा मारून झाल्यावर तुझे पाय कुठे येऊन थांबले?

पायाभूत गोष्टी फार नाहीत. पायांत खांद्याएवढं किंवा थोडं जास्त अंतर, गुडघे सैल, मागची टाच किंचित उचललेली. डावीकडे जायचं तर आधी डावा पाय, उजवीकडे तर आधी उजवा, आणि दुसरा तेवढाच सरकतो. हे पाठ सगळ्यांनाच असतं. पण थकवा आला की दोन्ही पाय एकमेकांजवळ येतात, आणि अशा वेळी लागलेला साधा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसासुद्धा, माणसाला खाली बसवतो.

त्याहून अवघड आहे ते वजन कुठल्या पायावर ठेवायचं हे ठरवणं. यासाठी मी मुलांना एक लढत पुन्हापुन्हा दाखवतो: जानेवारी 2021, अबू धाबी, डस्टिन पोइरिए विरुद्ध कॉनर मॅकग्रेगर. 2014 मध्ये मॅकग्रेगरने त्याला पहिल्याच राउंडमध्ये हरवलं होतं. या वेळी मॅकग्रेगर बॉक्सरसारखा उभा होता, पुढच्या पायावर भार देऊन. ठोशाला त्यामुळे जोर येतो, पण भार असलेला पाय चटकन उचलता येत नाही, आणि उचलता आला नाही की किक नडगीवर अडवता येत नाही. पोइरिएने त्याच पायाच्या पोटरीवर लाथांमागून लाथा घातल्या. दुसऱ्या राउंडपर्यंत तो पाय कामातून गेला, आणि मग ठोशांनी लढत संपली. ठोसे सगळ्यांना दिसतात. माझी विनंती आहे की एकदा आवाज बंद करून फक्त कमरेखाली बघा.

आमच्याकडे कुस्तीतून येणारी मुलं बरीच असतात आणि मला त्यांचं फार कौतुक आहे. त्यांचा पवित्रा खाली वाकलेला असतो, पुढचा पाय जड. इथे तो थोडा उंच करावा लागतो, नाहीतर चेहरा आयताच समोरच्याच्या गुडघ्यासमोर येतो. पण मॅटवर खेळलेल्या पैलवानाकडे एक गोष्ट तयार असते: कडेची जाणीव. 9 मीटरच्या वर्तुळाबाहेर पाय पडला की समोरच्याला 1 गुण मिळतो, म्हणून न बघताही त्याला कड कळते. केजमध्ये जाळीला पाठ लागली म्हणून कुणी गुण देत नाही, पण मागे जायची वाट बंद होते आणि टेकडाउन (खाली पाडायचा डाव) अडवायला पाय मागे फेकावे लागतात, तर तेवढी जागाही उरत नाही. त्यांना मी सांगतो, जाळीच्या आधी दोन पावलं तुमच्या मॅटच्या कडेचा रंगीत पट्टा आहे असं समजा.

आता दिशा. समोरचा ऑर्थोडॉक्स (डावा पाय पुढे, भारी उजवा हात मागे) असेल तर त्याचा उजवा हात तुमच्या डावीकडे असतो, म्हणून साधारणपणे तुमच्या उजवीकडे फिरा. मात्र तिकडे त्याचा डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) वाट बघत असतो, तेव्हा उजवा हात गालाला चिकटलेला हवा. समोरचा साउथपॉ (म्हणजे उलट, उजवा पाय पुढे) आणि तुम्ही ऑर्थोडॉक्स असाल तर डावीकडे, तुमचा पुढचा पाय त्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर. आणि सतत एकाच दिशेला जाऊ नका. तिसऱ्या पावलाला समोरचा किक घेऊन तिथेच उभा असेल.

पाठलाग करणाऱ्याची चूक वेगळी असते. तो समोरच्याच्या मागे मागे जात राहतो. यूएफसी या एमएमएच्या लढती भरवणाऱ्या कंपनीचा मोठा ऑक्टॅगन, म्हणजे आठ बाजूंचा केज, आतून 30 फुटांचा आहे आणि त्याचे कोपरे 135 अंशांचे. बॉक्सिंग रिंगच्या काटकोनात माणूस अडकतो, इथे तो जाळीला घासत निसटतो. त्यामुळे त्याच्या मागे चालून उपयोग नाही. तो जिकडे निघाला तिकडे आडवं पाऊल टाकून वाट अडवावी लागते, आणि त्याच बाजूचा हुक किंवा किक मारून त्याला परत मध्ये वळवावं लागतं.

सरावात लॅडरवर (जमिनीवर अंथरलेल्या शिडीवर) उड्या मारून तुमचा दम वाढेल, पण तिथे समोर माणूस नसतो, म्हणून मी त्यावर फार वेळ घालवत नाही. दोरी मात्र रोज; पोटऱ्या आणि लय दोन्ही सुधारतात. माझा आवडता सराव असा: भिंतीपासून दोन पावलांवर जमिनीला चिकटपट्टी लावायची आणि जोडीदाराबरोबर तीन मिनिटं खेळायचं. ठोसे नाहीत, फक्त खांद्याला स्पर्श. पट्टीच्या मागे ज्याचा पाय गेला त्याचा गुण गेला. पहिल्या आठवड्यात मुलं नुसती धावतात. मग त्यांच्या लक्षात येतं की अर्धं पाऊल आणि एक पिव्हट (एका पायावर वळणं) पुरतो, आणि त्याच दिवसापासून स्पारिंगमध्ये (सरावाच्या लढतीत) त्यांना कमी मार बसायला लागतो.

घरी जोडीदार नसेल तर शॅडो (समोर कुणी आहे असं समजून एकट्याने सराव) करताना प्रत्येक कॉम्बिनेशननंतर, म्हणजे सलग मारलेल्या ठोशांनंतर, थांबा आणि खाली बघा. पाय खांद्याएवढे लांब आहेत का? मारलं त्या रेषेतून बाहेर आलात का? नसाल तर तेच कॉम्बिनेशन पुन्हा, हळू.