खाटा नंतर, आधी ऑक्सिजन मोजा

साथीत किंवा आपत्तीत रुग्णालयं अपुरी पडली की सभागृह किंवा शाळा ताब्यात घेऊन तिथे २०० खाटा मांडणं अवघड नाही. त्यातल्या किती खाटांवर खरोखर उपचार होतील, हे ऑक्सिजन, वीज आणि पाणी ठरवतं. म्हणून पर्यायी रुग्णालयाचा आराखडा खाटांच्या नकाशापासून सुरू करू नये, असं माझं ठाम मत आहे.

समजा, २० रुग्णांना मिनिटाला प्रत्येकी १० लिटर ऑक्सिजन लागतो. म्हणजे तासाला १२,००० लिटर. जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू असतो, तो पस्तीस मिनिटांत संपतो. दिवसाला ४२ सिलिंडर झाले. तेवढेच राखीव हवेत, शिवाय काही भरायला गेलेले असणारच. त्यात हाय-फ्लो यंत्र (नाकातल्या नळीतून जोरात ऑक्सिजन देणारं) मिनिटाला ६० लिटरपर्यंत ओढतं, म्हणजे एकच रुग्ण सहा जणांचा वाटा घेतो. द्रवरूप ऑक्सिजनच्या १ लिटरपासून सुमारे ८६० लिटर वायू मिळतो, त्यामुळे मोठ्या केंद्राला टाकीच परवडते. पण टँकर आत येईल असा रस्ता आधी बघा.

पाइपलाइन टाकली की चाचणी एकेका आउटलेटवर (खाटेजवळच्या ऑक्सिजनच्या तोटीवर) घेतात आणि सगळं ठीक दिसतं. सगळे आउटलेट एकाच वेळी उघडा. पाइप बारीक असेल तर टोकाच्या खाटेवरचा दाब तिथेच कोसळतो. गंभीर रुग्ण टाकीजवळच्या खाटांवर ठेवायचे ते याचसाठी.

विजेचं उदाहरण न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाचं. २०१२ च्या सँडी वादळात तिथले जनरेटर १३ व्या मजल्यावर सुरक्षित होते, पण इंधनाचे पंप तळघरात बुडाले. मग कर्मचाऱ्यांनी जिन्यावरून डिझेल वर पोहोचवलं. जनरेटरसोबत पंप, इंधनाची टाकी, विजेचं पॅनेल हे सगळंच पुराच्या पातळीच्या वर हवं. जनरेटर भार उचलेपर्यंतचे काही सेकंद व्हेंटिलेटरला बॅटरीवरच काढावे लागतात, म्हणून त्या बॅटऱ्या दर महिन्याला तपासा. जनरेटरची चाचणीही प्रत्यक्ष भार देऊनच घ्या.

पाणी दाखल रुग्णामागे दिवसाला ४० ते ६० लिटर धरा, शस्त्रक्रियांचं वेगळं. २० रुग्णांमागे किमान एक शौचालय. शाळेची सेप्टिक टाकी दिवसातल्या काही तासांच्या वापरासाठी बांधलेली असते. चोवीस तास माणसं राहिली की ती लवकर भरते. उपसणाऱ्या गाडीची सोय पहिल्याच दिवशी करून ठेवा.