शिष्यवृत्ती मिळाली, पण शिकवणार कोण?

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती जाहीर झाली की मला मनापासून आनंद होतो. फी भरता आली नाही म्हणून मधेच शिक्षण सोडलेल्या मुली मी पाहिल्यात. त्यातल्या एकीचा हात इतका हलका होता, की सलाईनच्या सुईला घाबरणारी लहान मुलंही तिच्यापुढे शांत बसायची. ती आज कुठल्याच वॉर्डात नाही, याची हळहळ अजून वाटते.

तरीही, वॉर्ड सोडून शिकवायला लागल्यापासून माझं म्हणणं एकच आहे: शिकणाऱ्यांइतकाच पैसा शिकवणाऱ्यांवरही खर्च करा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात ५८ लाख नर्सेस कमी होत्या. त्याच वर्षी अमेरिकेतल्या नर्सिंग कॉलेजांनी पात्र उमेदवारांचे ६५ हजारांहून जास्त अर्ज परत पाठवले! मुलं दारात उभी होती. शिक्षक पुरेसे नव्हते आणि प्रॅक्टिकलसाठी वॉर्डही.

नर्सिंग हे पुस्तकातून निम्मंच कळतं. पुतळ्यावर इंजेक्शन जमलं म्हणजे माणसाला देता येतं असं नाही. पहिल्यांदा खऱ्या पेशंटजवळ जाताना विद्यार्थिनीच्या कोपराशी मी उभी असते. पेशंटचं नाव विचारलं का, औषध तेच आहे का, डोस किती, कुठल्या मार्गाने द्यायचं, हे सगळं तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय हात पुढे जाऊ देत नाही. पोटॅशियम क्लोराइडची अँप्युल पातळ न करता थेट शिरेत गेली तर हृदय थांबू शकतं. अशा वेळी एका शिक्षिकेने किती हातांवर लक्ष ठेवायचं? वर्गात बाकं वाढवता येतात, पेशंटच्या खाटेभोवतीची गर्दी नाही वाढवता येत.

आणि शिक्षक मिळत नाहीत याचं कारण सरळ आहे. पदव्युत्तर शिक्षण घेऊन शिकवायला यायचं आणि वॉर्डात मिळत होता त्याहून कमी पगार घ्यायचा, असं अनेक ठिकाणी आहे. घर चालवणारी बाई हे कशी निवडेल?

हे आधी ओळखलं गेलं होतं. १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना, अमेरिकेने बोल्टन कायदा केला. विद्यार्थिनींची फी, गणवेश, दरमहा भत्ता सरकारने दिला. शिवाय नर्सिंग शाळांना आणि नर्सेसच्या पुढच्या शिक्षणालाही पैसा दिला. त्यातून एक लाखाहून जास्त नर्सेस तयार झाल्या. मला त्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच विसरला जातो.

वॉर्डातल्या अनुभवी सिस्टर तर हिशेबातच नसतात. स्वतःचे पेशंट सांभाळून त्या आमच्या मुलींना शिकवतात, बहुतेकदा एका पैशाचाही मोबदला न घेता. योजना आखणाऱ्यांनी निदान एवढं करावं: शिकवण्याच्या दिवशी त्या सिस्टरकडे पेशंट कमी द्यावेत, त्या कामाचा वेगळा भत्ता द्यावा, आणि तो खर्च शिष्यवृत्तीच्याच निधीत धरावा.