तुम्ही विचारलंत म्हणून: वक्त्याचं नंतर बघू

‘गावच्या इतिहासावर वाचनालयात कार्यक्रम ठेवायचाय, एखादा चांगला वक्ता सुचवा ना.’ तालुक्याच्या गावांतल्या वाचनालयांचे कार्यवाह भेटले की हा प्रश्न ठरलेला. मीही एका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर बरीच वर्षं आहे, त्यामुळे प्रश्नामागची घाई कळते. वार्षिक अहवाल तोंडावर आलेला असतो आणि ‘सांस्कृतिक उपक्रम’ या मथळ्याखाली चार ओळी हव्या असतात. तरी मी नाव सांगत नाही. उलट विचारतो, त्या वक्त्याला तुमच्या गावाबद्दल काय माहीत असणार?

पाहुणे येतात, प्रतापगड नाहीतर पानिपत रंगवून सांगतात, टाळ्या पडतात, शाल-श्रीफळ होतं. गावाच्या वाट्याला येतं ते सुरुवातीचं ‘आपल्या या ऐतिहासिक नगरीत’ एवढंच. अशा व्याख्यानांशी माझं वैर नाही. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हापासून आपल्याला व्याख्यानांची चटक लागली आहे, आणि ती चांगलीच म्हणायची. पण तो स्थानिक इतिहासाचा कार्यक्रम नव्हे.

सुरुवात स्वतःच्या कपाटापासून करावी. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८चं. तुमचं इतकं जुनं नसेल, पण पन्नास-साठ वर्षांची इतिवृत्तं तरी कुठल्यातरी फडताळात असतील. ती काढा. कुठलं वर्तमानपत्र बंद करायचं यावरून सभा किती वेळ चालली, वीज कधी आली, बायकांसाठी वेगळी वेळ ठेवावी की नाही यावर कोण काय म्हणालं, सगळं त्यात असतं. आमच्याकडे इतिवृत्तं नुसती मोठ्याने वाचायचा कार्यक्रम झाला आणि हशा-टाळ्यांत तो कुठल्याही व्याख्यानाला भारी पडला. थकलेल्या वर्गणीची यादी तेवढी गाळली. थकबाकीदारांची नातवंडं पुढच्याच रांगेत होती.

दुसरा साठा माणसांच्या आठवणींचा, आणि तो झपाट्याने संपत चाललाय. १९७२च्या दुष्काळाचंच घ्या. सरकारी कामावर खडी फोडलेली माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत. कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडी या कोरड्या खाऊची चव, मिलो या परदेशी ज्वारीच्या लालसर भाकरी, कामाच्या जागी झाडाला झोळी बांधून ठेवलेली मुलं, हे त्यांना काल झाल्यासारखं आठवतं. त्या अनुभवातूनच राज्याची रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. एवढं पुस्तकांत सापडतं. तुमच्या गावाजवळच्या पाझर तलावावर कोण कोण राबलं, ते मात्र त्या माणसांनाच विचारावं लागेल. कोयनेच्या भागात ११ डिसेंबर १९६७चा भूकंप असेल, लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३ची पहाट असेल. प्रत्येक तालुक्याला अशी एखादी तारीख असतेच.

विचारण्याची मात्र रीत आहे. ‘दुष्काळाबद्दल सांगा’ म्हटलं की माणूस भाषण करतो किंवा गप्प बसतो. कामावर किती वाजता निघायचात, हजेरी कोण घ्यायचं, प्यायचं पाणी कुठून यायचं, पगार कोणत्या वारी व्हायचा, असं विचारावं. मग एका आजींचं बोलणं दुसऱ्या मध्येच तोडतात, ‘छे, तो मुकादम नंतरचा’, आणि कार्यक्रम आपल्या हातातून सुटतो. तो सुटला की समजावं, बरं चाललंय.

आणखी एक, जरा कडू. खडी फोडलेल्यांपैकी किती जण आपल्या वाचनालयाचे सभासद आहेत? आपल्या सभागृहात येतात ते बहुतेक पेठेतले, नोकरीतून निवृत्त झालेले, चपला बाहेर कुठे काढायच्या हे पाठ असलेले. बाकीच्यांनी ही पायरी कधी चढलेलीच नसते. ‘सर्वांना हार्दिक आमंत्रण’ असा फलक लावून ते येणार नाहीत. आपण वस्तीवरच्या समाजमंदिरात सतरंजी घेऊन जायचं. वाचनालयाचा कार्यक्रम वाचनालयातच व्हावा, असं कुठे लिहिलंय?

जुन्या फोटोंचं त्या मानाने सोपं. घरोघरचे फोटो मागवावेत, लोकांसमोरच त्यांची प्रत काढावी आणि मूळ फोटो त्याच दिवशी परत करावा. ‘ठेवून घ्या’ म्हणाले तरी ठेवू नये. पुढे घरातलाच कोणीतरी मागायला येतो. प्रती दोरीवर टांगून प्रत्येकीखाली कोरा कागद आणि पेन्सिल ठेवली, की वराच्या मागे दिसणारा टांगा कुणाचा आणि ते दुकान कधी पडलं, हे लोक आपणहून लिहून जातात. मूळ फोटोच्या पाठीवर बॉलपेनने मात्र कोणाला काही लिहू देऊ नका.

मोडी लिपीतल्या जुन्या कागदांचं सगळ्यांना फार आकर्षण. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरं जमवत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि एकूण २२ झाले. त्या गोष्टी ऐकून हुरूप येतो, आणि एखादं घराणं कापडी रुमालात बांधलेले कागद आणण्याचं कबूल करतं. ऐन दिवशी ते येत नाहीत. कारण साधं आहे. कागदांत जमिनी असतात, वाटण्या असतात, आणि सभागृहात चुलतभाऊ बसलेला असतो. भाऊबंदकीला आयतं निमित्त कोण देईल? म्हणून कागद आधी घरी बसून, मोडी येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्यावेत, आणि चारचौघांत वाचायचे ते लग्नखर्चाचे, बाजारहाटाचे, गूळ-तुपाचे हिशेब. तेच जास्त रंगतात. फळ्यावर मोडीची एक ओळ काढून दाखवली तर मुलंही खिळून राहतात: आधी आडवी रेघ ओढून घ्यायची, मग हात न उचलता खाली अक्षरं लिहीत जायचं, ह्रस्व-दीर्घाची फिकीर नाही. या शेवटच्या सोयीवर मुलं खूश होतात.

गावाबाहेरच्या वीरगळांपर्यंत, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या कोरीव स्मृतिशिळांपर्यंत, फेरी काढणंही उत्तम. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. एवढं कळलं तरी ज्या दगडावर आजवर फक्त शेंदूर दिसत होता तो वाचता येतो. मात्र शेंदूर खरवडू नका. तो कुणाचातरी देव आहे.

आता खर्च. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या ‘क’ आणि ‘ड’ या खालच्या वर्गांच्या वाचनालयांकडे पैसे नसतात हे मला माहीत आहे. यातल्या कशालाच फार पैसे लागत नाहीत. लागतो तो नोंदींचा कंटाळा न करणारा माणूस. आठवणी सांगणाऱ्याचं नाव, वय, गाव आणि तारीख ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीलाच बोलून घ्यावी, लेखी परवानगी घ्यावी, ध्वनिमुद्रण निदान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावं. आणि लिहून काढलेली प्रत बांधून रीतसर दाखल नोंदवहीत, म्हणजे प्रत्येक पुस्तकाला दाखल अंक (क्रमांक) देणाऱ्या वहीत, चढवावी. दाखल अंक पडला नाही तर ती कार्यवाहांच्या फोनमध्येच राहते, आणि कार्यवाह बदलतात, फोन तर त्याहून लवकर बदलतात. हाच कार्यक्रम मंगल कार्यालयात न करता वाचनालयाने करण्यात मला दिसणारा अर्थ एवढाच.

एवढं जमलं की बाहेरचा जाणकार जरूर बोलवा. महिनाभर आधी त्यांना या प्रती पाठवा आणि सांगा, भाषण यावरच हवं. ज्यांना वाचायला सवड नसेल ते आपोआप नाही म्हणतात.

राहिला वाद. कोणीतरी उठून ‘हे साफ खोटं आहे’ म्हणणारच, विशेषतः पेठेचं नाव कोणावरून पडलं किंवा देवळाला जमीन कोणी दिली याचा विषय निघाला की. अशा वेळी अध्यक्षांना निकाल द्यायचा मोह होतो. त्यांना आवरा. उठलेल्याला माइक द्या, त्याचंही नाव-गाव लिहून घ्या, आणि त्याच्या कथनाला वेगळा दाखल अंक द्या.