पहाटेची बाद बॅच

पेट स्कॅनसाठी रुग्णाला टोचले जाणारे एफडीजी, म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेला ग्लुकोजसारखा रेणू, साठवून ठेवता येत नाही. त्यातील फ्लोरिन-१८चा अर्धायुकाल (सक्रियता निम्मी व्हायला लागणारा वेळ) सुमारे ११० मिनिटांचा असल्यामुळे ते रोज पहाटे नव्याने तयार करावे लागते आणि ज्या दिवशी ते बिघडते त्या दिवशी आदल्या दिवसाची शिल्लक कामी येत नाही. ज्या पहाटेबद्दल लिहीत आहे, त्या दिवशी यादीत चौदा रुग्ण होते आणि ते सर्व उपाशीपोटी येणार होते. पहिल्याची वेळ साडेसातची होती.

चार वाजता सायक्लोट्रॉन (प्रोटॉनना प्रचंड वेग देणारे यंत्र) सुरू झाला. ऑक्सिजन-१८ने समृद्ध केलेल्या दोन-अडीच मिलिलिटर पाण्यावर प्रोटॉनचा मारा केला की त्या पाण्यातच फ्लोरिन-१८ फ्लोराइडच्या रूपात तयार होते. सव्वा तासात आमच्याकडे सुमारे ४० गिगाबेकरेल (बेकरेल हे किरणोत्सारी सक्रियतेचे एकक) फ्लोराइड जमा झाले. आकडा मोठा वाटतो. पण किरणोत्सारी अणू मोजले तर ते एका नॅनोमोलहूनही कमी भरतात. एवढेसे फ्लोराइड पाण्याच्या महापुरातून बाहेर काढून एका शर्करेच्या रेणूवर नेमक्या जागी बसवायचे, हे आमचे रोजचे काम.

यातली खरी अडचण पाणीच आहे. फ्लोराइड पाण्याच्या रेणूंना इतके घट्ट धरून बसते की त्या वेढ्यात असेपर्यंत ते कार्बनकडे फिरकतही नाही. म्हणून ते आधी आयन-विनिमयाच्या कार्ट्रिजवर अडकवायचे, पोटॅशियम कार्बोनेट आणि क्रिप्टोफिक्स यांच्या द्रावणाने तेथून सोडवायचे आणि ॲसिटोनायट्राइल या द्रावकासोबत तापवून पाण्याचा शेवटचा अंश उडवून लावायचा. क्रिप्टोफिक्स पोटॅशियमला आपल्या पोकळीत कोंडून ठेवते, त्यामुळे फ्लोराइड मोकळे आणि आक्रमक होते. मग कोरड्या ॲसिटोनायट्राइलमध्ये विरघळवलेला मॅनोज ट्रायफ्लेट, म्हणजे मॅनोज शर्करेपासून बनवलेला आमचा आरंभीचा पदार्थ (प्रिकर्सर), आत सोडला, की फ्लोराइड मागच्या बाजूने येऊन दुसऱ्या कार्बनवरील ट्रायफ्लेटला हुसकावते. या धक्क्यात त्या कार्बनवरील मांडणी उलटी होते. ग्लुकोजसारखा रेणू हवा असताना सुरुवात मॅनोजपासून करावी लागते, ती याचमुळे. शेवटी शर्करेच्या इतर जागा झाकणाऱ्या ॲसिटिल गटांचे संरक्षण काढून टाकायचे आणि उरलेले फ्लोराइड ॲल्युमिनावर अडवायचे, म्हणजे कुपीत एफडीजी उतरते.

१९७६मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत मानवी वापरासाठी पहिले एफडीजी तयार झाले तेव्हा ही वाट नव्हती. तेव्हा किरणोत्सारी फ्लोरिन वायू वापरावा लागे आणि त्याच्या रेणूतील दोन अणूंपैकी एकच किरणोत्सारी असल्यामुळे निम्म्याहून अधिक सक्रियता मिळणे तत्त्वतःच अशक्य होते. १९८६मध्ये जर्मनीतील यूलिश येथील हामाखर, कोनेन आणि श्ट्योक्लिन यांनी क्रिप्टोफिक्सची पद्धत मांडली आणि चित्र बदलले. मला ही पद्धत इतकी अंगवळणी पडली होती की तिच्यात काही बिघडू शकते, हेच मी विसरत चालले होते.

पावणेसहाला कुपीत जे उतरले ते ३.२ गिगाबेकरेल होते. रोज सुरुवातीच्या सक्रियतेच्या निम्म्याहून अधिक हाती येते. त्या दिवशी आठ टक्के आले. पातळ थराच्या पट्टीवर तपासणी केली, तेव्हा एफडीजीचा ठिपका योग्य जागी होता, पण आरंभरेषेवर मुक्त फ्लोराइड रेंगाळत होते. शुद्धता ९३ टक्के भरली. मर्यादा किमान ९५ टक्क्यांची आहे.

"मॅडम, पाच-सहा रुग्ण तरी यात बसतील," माझा कनिष्ठ सहकारी म्हणाला. हिशेब बरोबर होता आणि त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, काळजी होती. परंतु मुक्त फ्लोराइड रुग्णाच्या हाडांमध्ये जाऊन बसते; ज्या स्कॅनमध्ये हाडांतील गाठी शोधायच्या आहेत, तेथे हाडेच उगाच उजळली तर डॉक्टरांनी काय वाचायचे? बॅच बाद केली आणि रुग्णांना दोन तास उशीर होईल असे स्कॅन विभागाला कळवले. पलीकडून आलेले दोन-चार शब्द मी येथे लिहीत नाही.

हे सारे काम शिशाच्या भिंतींच्या बंदिस्त कप्प्यात, म्हणजे हॉट सेलमध्ये, ठेवलेले यंत्र करते; शेजारच्या हॉट सेलमध्ये तसेच दुसरे यंत्र होते. सर्वांचे म्हणणे एकच, की ताबडतोब मारा सुरू करावा आणि दुसरे यंत्र वापरावे. मारा सुरू करायला माझी हरकत नव्हती आणि सहा पंचवीसला तो सुरूही झाला. मात्र यंत्र बदलले म्हणजे दोष बदलला, हे मला पटत नव्हते. आमच्या हातात सव्वा तास होता. पहिला हॉट सेल उघडणे शक्य नव्हते, कारण आत अजून दहा-वीस गिगाबेकरेल सक्रियता शिशाच्या भिंतीआड बसली होती. त्यामुळे जे काही शोधायचे, ते संगणकावरील आलेखांतूनच शोधावे लागणार होते.

आदल्या दिवसाचा आलेख शेजारी ठेवून आम्ही एकेक पायरी पाहिली. पहिल्या कार्ट्रिजवर फ्लोराइड पुरते अडकले होते आणि पुरते सुटलेही होते. वाळवताना तापमान आणि निर्वात दाब यांच्या रेषा कालच्या रेषांवर अक्षरशः बसत होत्या. फरक एकाच ठिकाणी होता: ॲल्युमिनाजवळच्या मापकाची रेषा शेवटी छताला टेकली होती. म्हणजे फ्लोराइड वाटेत हरवले नव्हते. ते अभिक्रियेपर्यंत पोहोचले आणि काहीही न करता पुढे निघून आले. ॲल्युमिनाला दोष देण्यातही अर्थ नव्हता. सुमारे ३० गिगाबेकरेल अडवताना त्याच्या हातून शेकडा एकाहूनही कमी निसटले होते, पण उत्पादनच इतके तुटपुंजे होते की तेवढ्या गळतीने शुद्धता ढासळली. पट्टीवर अर्धवट संरक्षणमुक्त झालेल्या पदार्थाचा ठिपका नव्हता, म्हणून शेवटची पायरीही निर्दोष ठरली.

उरला प्रिकर्सर आणि तो ज्यात विरघळवला ते ॲसिटोनायट्राइल. प्रिकर्सरची कुपी नवी, मोहोरबंद होती. ॲसिटोनायट्राइल मात्र पहाटे मीच काढले होते. बाटलीवर 'निर्जल' असे लिहिलेले होते आणि ते खरेही होते, पण बाटली पहिल्यांदा उघडली त्या दिवसापुरते. सुया टोचून टोचून तिच्या रबरी बुचाची चाळणी झाली होती आणि तळाशी चार बोटे द्रव उरला होता. महागाचे द्रावक वाया जाऊ नये, म्हणून मी तो वापरला.

द्रवातील पाणी मोजणाऱ्या कार्ल फिशर यंत्राला उत्तर द्यायला काही मिनिटे पुरली: ०.६ टक्के पाणी. कागदावर आकडेमोड केली. दोन मिलिलिटरमध्ये नऊ मिलिग्रॅमच्या आसपास पाणी, म्हणजे सुमारे ५०० मायक्रोमोल. आमचा २५ मिलिग्रॅम प्रिकर्सर जेमतेम ५० मायक्रोमोल. फ्लोराइड कसोशीने वाळवून आम्ही ते पुन्हा भिजवले होते. वाळवण्याचा आलेख कालच्यासारखा का दिसला, याचेही उत्तर यातच होते: पाणी शिरले ते वाळवण झाल्यानंतर. आणि दुसऱ्या यंत्रासाठी सहकाऱ्याने जे ॲसिटोनायट्राइल भरून ठेवले होते, तेही त्याच बाटलीतले होते.

ते टाकून नवी बाटली उघडली, नमुना तपासला आणि मगच यंत्र पुन्हा भरले. सात चाळीसला मारा थांबला, आठ दहाला कुपी भरली. ४० गिगाबेकरेलमधून २३ हाती आले, आणि पट्टीवर आरंभरेषा स्वच्छ होती. गाळणीची चाचणी, पीएच, क्रिप्टोफिक्सचा ठिपका आणि अर्धायुकाल तपासून साडेआठला बॅच सोडली. चौदाही स्कॅन त्या दिवशी झाले, शेवटचा दुपार कलल्यावर.

संध्याकाळी विचलनाचा अहवाल लिहिताना सहकाऱ्याने कारणाच्या रकान्यात 'द्रावकाचा दर्जा' असे मोघम लिहिले होते. बहुधा माझा मान राखण्यासाठी. ते खोडून मी बाटली उघडल्याची तारीख, पाण्याचे मोजमाप आणि ती वापरणारीचे, म्हणजे माझे, नाव लिहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉट सेल उघडला तेव्हा बाद बॅचच्या कुपीत मापकाला जेमतेम दखल घेण्याइतकी सक्रियता उरली होती, आणि ती जुनी बाटली भांडी विसळण्याच्या फळीवर, मोठ्या अक्षरांत तशी चिठ्ठी लावून ठेवलेली होती.