लोरा मोड्यूल जोडताना: आधी वीज आणि अँटेना, मग प्रोग्राम

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत गच्चीवरच्या टाकीची पातळी तळमजल्यावरच्या पंपघरात दिसावी, म्हणून मी आरएफएम९५ हे लोरा मोड्यूल निवडले. लोरा म्हणजे कमी विजेत छोटे संदेश दूरवर पोहोचवणारे रेडिओ तंत्र. काँक्रीटच्या अनेक स्लॅबपलीकडे वायफाय भरवशाने पोहोचत नाही. लोराचा वेग कमी असला तरी अत्यंत क्षीण संदेशही त्याला उलगडता येतो, आणि पाण्याच्या पातळीसाठी चार-पाच बाइट पुरतात.

खरेदी करतानाच वारंवारिता नीट पाहावी. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत, ४३३, ८६८ आणि ९१५ मेगाहर्ट्झची मोड्यूल वरवर पाहता सारखीच दिसतात. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ पासून परवान्याविना खुला आहे, त्यामुळे ८६८ चे मोड्यूल घेऊन प्रोग्राममध्ये ८६६ ठेवणे योग्य. ८९० ते ९१५ हा पट्टा आपल्याकडे मोबाइल सेवेचा आहे, हे माहीत असूनही ९१५ वर प्रयोग करणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

सर्वाधिक काळजी विजेची घ्यावी लागते. मोड्यूल ३.३ व्होल्टवर चालते आणि त्याच्या पिना ५ व्होल्टचा संकेत सहन करत नाहीत, म्हणून ५ व्होल्टवर चालणाऱ्या आर्डुइनो उनो या नियंत्रक बोर्डाऐवजी ३.३ व्होल्टचा आर्डुइनो प्रो मिनी वापरणे सोपे जाते. झोपेत हे मोड्यूल एक मायक्रोअँपिअरहूनही कमी प्रवाह घेते. पूर्ण शक्तीने प्रक्षेपण करताना मात्र तोच प्रवाह १२० मिलिअँपिअरच्या आसपास जातो, आणि उनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनेची मर्यादा ५० मिलिअँपिअरच असल्याने नेमका संदेश निघताना व्होल्टेज कोसळून बोर्ड रीसेट होतो. बाहेरून पाहणाऱ्याला हा दोष प्रोग्रामचा वाटतो. त्यासाठी वेगळा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा घटक) द्यावा आणि मोड्यूलच्या पिनांलगत १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा.

मोड्यूलच्या पिनांतील अंतर २ मिलिमीटर असते, त्यामुळे ते ब्रेडबोर्डमध्ये (सोल्डर न करता जोडणी करण्याच्या छिद्रांच्या पाटीत) बसत नाही. अडॅप्टर बोर्डवर सोल्डर करावे लागते. त्याच बैठकीत अँटेनाही लावून टाकावा, कारण अँटेनाविना प्रक्षेपण केल्यास परतणाऱ्या शक्तीने आतला ॲम्प्लिफायर निकामी होऊ शकतो. तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतकी, म्हणजे साधारण साडेआठ सेंटीमीटरची सरळ उभी तार पुरेशी आहे.

जोडणी झाल्यावर लगेच लायब्ररीकडे, म्हणजे मोड्यूलसाठीच्या तयार कोडकडे, वळू नये. एसपीआय या बोर्ड आणि मोड्यूलमधल्या तारांच्या संवादमार्गावरून हेक्साडेसिमल (सोळा-आधारी) ४२ क्रमांकाचे रजिस्टर, म्हणजे चिपमधला आवृत्ती सांगणारा कप्पा, वाचावे. उत्तर हेक्साडेसिमल १२ आले, तर जोडणी बरोबर आहे. शून्य किंवा एफएफ आले तर तारा, चिप सिलेक्ट (मोड्यूलला संवादासाठी निवडणारी पिन) आणि सोल्डर पुन्हा तपासावे.

स्प्रेडिंग फॅक्टर हा आकडा वाढवला की संदेश सावकाश पण अधिक दूर पोहोचतो; तो ७ पासून सुरू करावा आणि संदेश गळू लागले तरच एकेक पायरी वाढवावी, कारण प्रत्येक पायरीला हवेतला वेळ जवळजवळ दुप्पट होतो आणि गच्चीवरच्या बॅटरीचे आयुष्यही घटते.