या मृगाला वाहन कोणतं?

जून लागला की आमच्या मराठवाड्यातल्या सेलूच्या बाजारात, वह्यांच्या दुकानात, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा कोणी ना कोणी विचारतंच, "तुमच्या घरी एवढी लेकरं, सुट्टी संपताना रडारड होत नाही का? आमच्याकडं तर आठ दिवस आधीपासून तोंडं पाडून बसायलेत."

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. रडारड होते. फक्त तिला आमच्याकडं फार सवड मिळत नाही.

घरात माझी दोन, दिरांची दोन आणि मामाच्या गावाला म्हणून आलेली नणंदांची. मे महिना कसाही जातो. रस असतो, कुरडयांचा चीक असतो, गच्चीवर गाद्या असतात. खरी पंचाईत जूनच्या पहिल्या आठवड्यात. आंबा संपत आलेला, पापड-कुरडया डब्यांत गेलेल्या, दुपारी लाईट नाही, अंगाची नुसती चिकचिक. नणंदा बॅगा भरायला काढतात आणि कोणीतरी मोठं माणूस म्हणतं, "करा मज्जा, आता चारच दिवस राहिले." हे वाक्य आमच्या घरात बंद आहे. चार दिवस राहिले म्हटलं की लेकरू चारही दिवस वाया घालवतं. "शाळेत किती मज्जा, नवं दप्तर, नवे मित्र" हेही मी बोलत नाही. त्यांना कळतं की आपल्याला गंडवायलेत.

या दिवसांत आमच्याकडची मोठी माणसं तरी दुसरं काय करत असतात? आभाळाकडं बघतात. बियाणं आणून ठेवलेलं, रान तयार, आणि पावसाचा पत्ता नाही. मग ही वाट बघण्यातच लेकरांना ओढलं.

तुम्हाला माहीत असेल, पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन दिलेलं असतं. घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती. सूर्य 7-8 जूनला मृगात शिरतो. त्या नक्षत्रापासून त्या दिवशीच्या चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, आलेल्या आकड्याला 9 नं भागायचं आणि बाकी बघायची. 1 उरला तर घोडा, 2 उरले तर कोल्हा, असं करत 8 उरले तर गाढव आणि बाकी शून्य आली तर हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती म्हणजे भरपूर पाऊस. मोर, गाढव, उंदीर मध्यम. कोल्हा आणि मेंढा कमी. घोडा असला तर पाऊस डोंगरावर. सुट्टीत गणित म्हटलं की पळणारी पोरं पंचांग पुढ्यात ओढून 27 नक्षत्रांची नावं मोजत बसतात, आणि आपण भागाकार करायलोत हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

वाहन काढायच्या आधी चिठ्ठ्या. नऊ प्राण्यांच्या नऊ चिठ्ठ्या, लेकरं कमी पडली तर मोठ्यांनाही ओढायचं. ज्याचं वाहन येईल तो पुढचं नक्षत्र लागेपर्यंत घरचा राजा: कूलरसमोरची जागा त्याची, नाश्त्याला चुरमुऱ्यांचा सुशीला केला की त्याला आधी. गाढव बहुतेक वेळा माझ्या नवऱ्याच्या वाट्याला येतं. चिठ्ठ्यांत काहीतरी गडबड आहे असा त्यांचा जुना आरोप आहे. सासूबाईंना एकदा मेंढा आला तेव्हा त्या दुपारभर कोणाशी बोलल्या नाहीत.

राजा झालेल्याला एक काम असतं. आपल्या वाहनाला केरळातून सेलूपर्यंत आणायचं. मान्सून केरळात साधारण 1 जूनला पोचतो, आपल्याकडं यायला महिन्याचा मध्य उजाडतो. मधल्या काळात हा प्राणी कुठं आहे, काय खातो, कशात अडकला, हे रोज रात्री गच्चीवर सांगायचं. बाकीच्यांनी मधे-मधे अडवायचं. मागं भाचीची म्हैस महाबळेश्वरच्या चिखलात बसली ती उठेचना. सह्याद्री ओलांडताना ढगांचं बहुतेक पाणी पलीकडंच सांडतं आणि आपल्याला उरलंसुरलं मिळतं, हे मी कधी शिकवलं नाही. म्हैस तिकडं का रमली याचं कारण शोधताना ते आपोआप निघालं. शेवटी म्हैस एसटीनं आली. कंडक्टरनं हाफ तिकीट द्यायला नकार दिला म्हणून वाटेत भांडणही झालं.

हे सगळं एका वहीत उतरतं. मागच्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं काढायची, एकावर एक ठेवायची, दाभणानं भोकं पाडून सुतळीनं शिवायची. पानं कमी-जास्त आकाराची, काही आखीव, काही चौकटीची, कुठं समासात जुन्या गृहपाठाची लाल सही राहून गेलेली. विकतची वही चालत नाही. का ते मला सांगता येणार नाही, पण चालत नाही.

तुम्ही म्हणाल, लेकरांना अंधश्रद्धा कशाला शिकवता? म्हैस-बेडकावर विसंबून आमच्याकडं कोणी सोयाबीन पेरत नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विद्यापीठाचे लोक सांगतात, आणि सासरे तेच ऐकतात. म्हणून खेळाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे बरणी. सरळ काठांची काचेची बरणी, बाहेरून चिकटवलेली फूटपट्टी, आणि गच्चीवर लिंबाच्या झाडापासून लांबची जागा. बरणीत 1 सेंटिमीटर पाणी साचलं म्हणजे 10 मिलिमीटर पाऊस. मोठी बरणी ठेवली तर जास्त पाऊस भरेल, असा पुतण्याचा हट्ट होता. दोन बरण्या शेजारी-शेजारी ठेवल्या. दोन्हींत पाणी सारख्याच उंचीला आलं तरी त्याला अजून ते पटलेलं नाही. रोजचा आकडा वहीत, खाली बेरीज. बेरीज शंभराकडं सरकायला लागली की सासरे स्वतःहून विचारतात, "आज किती रे?" आजोबा आपल्याला विचारतात म्हटल्यावर लेकराची मान काय ताठ होते!

कोरड्या सालीही हा खेळ होतो. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. लातूरची भाचरं तेव्हा आमच्याकडं होती. त्यांनी खुर्च्या जोडल्या, प्रत्येक खुर्चीवर एक रिकामी घागर ठेवली आणि गाडी सोडली. घरातल्या काहींना ते बरं वाटलं नाही, असलं काय खेळायचं म्हणून. मी खेळू दिलं. घरी रांगेत उभं राहिलेलं लेकरू इथं येऊन इंजिन ड्रायव्हर होत असेल तर होऊ द्यावं.

आता मूळ प्रश्न. शाळा 15-16 जूनला उघडते, म्हणजे ऐन मृगात. एक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. आर्द्रा लागेपर्यंत 21-22 तारीख येते. म्हणजे सुट्टी संपते तेव्हा म्हैस वाटेतच असते, बरणी गच्चीवर असते, राजा राजाच असतो. आर्द्राच्या चिठ्ठ्या लेकरं दप्तर टाकून संध्याकाळी काढतात. पुण्याला परत गेलेल्या भाचरांच्या आम्ही इकडं काढतो आणि फोनवर कळवतो. जुलैत पुनर्वसू आणि पुष्य येतात. त्यांच्या पावसाला तरणा आणि म्हातारा म्हणतात, त्यामुळं त्या दोन्ही वेळी रविवारी नाटक ठरलेलं. तरणा धावत येऊन घागर उपडी करतो, म्हातारा काठी टेकत येतो आणि दारातच खोकत बसतो. म्हाताऱ्याच्या कामासाठी सगळे भांडतात.

पहिल्या आठवड्यात शाळेतून आल्या-आल्या "आज काय शिकवलं?" हे मी विचारत नाही. "तुमच्या शाळेत पडला का?" एवढंच विचारते. मग शाळेतलं बाकीचं पाठोपाठ येतंच.

तुमच्याकडं करून बघायचं असेल तर वाहन दिनदर्शिकेतही छापलेलं असतं, पण ते पान लपवून ठेवा आणि मोजायला लेकरांनाच बसवा. चिठ्ठ्या मात्र सगळ्यांसमोर करा, नाहीतर हत्ती ज्याला येईल त्याच्यावर चोरीचा आळ येतो. आमच्याकडं दरवर्षी येतो.